सरपंचकीचा अर्ज भरण्याआधी घरात करायची कामं

भावाभावांतला अबोला गावात निवडणुकीच्या निकालापासून मोजतात. खरं तर तो दोन-तीन महिने आधीच सुरू झालेला असतो. थोरल्याने उभं राहायचं ठरवलंय हे धाकट्याला घरात कळत नाही, पारावर कळतं. त्याच दिवशी तो मनातून बाजूला होतो. पुढे डमी अर्ज (मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून घरातल्याच दुसऱ्याने भरलेला) मागे न घेणं, समोरच्या पॅनलला जाऊन मिळणं, विहिरीच्या पाळीवरून भांडण उकरणं हे सगळं त्या दिवसातून निघतं.

ज्या घरातल्या कुणाला तरी ग्रामपंचायतीला उभं राहायचंय आणि बाकीच्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही, अशा घरासाठी हे लिहिलंय. उभं राहण्यात वाईट काही नाही. गावात पाणी आणणारा, शाळेची खोली बांधून घेणारा माणूस कुठल्या तरी घरातूनच येतो. अडचण एवढीच असते की आपली ओढ कामाची आहे की मानाची, हे उभं राहणाऱ्याला स्वतःला लवकर उमगत नाही. घरच्यांना ते आधी दिसतं, आणि त्यांना बोलायला जागा मिळाली नाही की तेच पुढे विरोधक होतात.

खुर्चीचा हिशेब आधी कागदावर

महाराष्ट्रात २०२४ मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. लोकसंख्या २,००० पर्यंत असलेल्या गावात महिन्याला ६,००० रुपये, २,००१ ते ८,००० पर्यंत ८,००० रुपये आणि त्याच्या वर १०,००० रुपये. लहान गावात पाच वर्षांचे ६० महिने धरले तर ३,६०,००० रुपये होतात. पदाचं कायदेशीर उत्पन्न एवढंच.

२०२२ च्या निवडणुकांत थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला निवडणूक आयोगाने घालून दिलेली खर्चाची मर्यादा ७ आणि ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत ५०,००० रुपये, ११ आणि १३ सदस्यांच्या ठिकाणी १ लाख, आणि १५ व १७ सदस्यांच्या ठिकाणी १,७५,००० रुपये अशी होती. सदस्याला अनुक्रमे २५, ३५ आणि ५० हजार. आताचा आकडा अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. गावात प्रत्यक्षात काय उडतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, म्हणून घरात बोलताना आयोगाला दाखवायचा आकडा सांगू नका. जो खर्च होणार आहे तो सांगा.

आता दुसरी बाजू. समजा ५ लाख उसने घेतले, शेकडा तीनने. महिन्याला १५,००० रुपये व्याज, वर्षाला १,८०,०००, पाच वर्षांत ९ लाख. मुद्दल तसंच उभं. लहान गावच्या सरपंचाचं वर्षाचं मानधन ७२,००० रुपये, म्हणजे व्याजाच्या निम्मंही नाही. ही तूट दोनच ठिकाणांहून भरून निघते: घरच्यांच्या घासातून, नाहीतर गावच्या कामातून पैसा काढून. दुसरी वाट धरली की ज्या मानासाठी उभं राहिलो तोच जातो, आणि पहिली धरली की घर जातं.

हा हिशेब वहीत लिहून आई-वडील, भाऊ, बायको, भावजय यांच्यासमोर ठेवायचा. तोंडी सांगितलेला आकडा प्रत्येकाला वेगळा आठवतो.

घरबैठक कशी घ्यायची

वेळ: प्रभाग आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाल्यावर पहिल्या आठवड्यात. पॅनलप्रमुखाकडे शब्द टाकण्याआधी. एकदा बाहेर शब्द दिला की घरची बैठक ही परवानगी घेणं राहत नाही, कळवणं होते, आणि कळवल्याचा राग नकारापेक्षा जास्त टिकतो.

माणसं: घरातल्या सगळ्या सज्ञान बायका-पुरुष. वेगळं राहणारा, पण जमिनीत हिस्सा असलेला पुण्या-मुंबईतला भाऊ फोनवर तरी हवाच. बहिणींनाही बोलवा. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि जमिनीला धक्का लागणार असेल तर तो तिच्याही हिश्श्याला लागतो.

बैठकीत उभं राहणाऱ्याने आधी बोलू नये. सगळ्यात धाकट्यापासून सुरुवात करा, कारण थोरला बोलला की बाकीचे मान हलवतात आणि मनातलं मनात ठेवतात. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा: यात तुझं काय अडेल? आणि किती रुपयांपर्यंत तुला चालेल? एखादी भावजय म्हणेल की मुलीच्या बारावीचं वर्ष आहे, घरात रात्री एकपर्यंत माणसं नकोत. ती तक्रार धरू नका, अट म्हणून लिहून घ्या. मग माणसांची ऊठबस घराबाहेर, वेगळ्या जागी ठेवायची.

एखाद्याने स्पष्ट नाही म्हटलं तर? तो नकारही वहीत लिहा, आणि त्याच्याकडून पैसे, सही, गाडी, मतं यातलं काहीच मागायचं नाही असं सगळ्यांसमोर कबूल करा. नकार देणाऱ्याला मोकळं सोडलं तर तो बहुतेकदा गप्प राहतो. त्याला ओढत नेलं, तर तो नेमका अर्ज मागे घेण्याच्या दिवशी उलटतो.

घरच्यांच्या कागदांवर तुमचं पद अवलंबून असतं

हा भाग उमेदवार सगळ्यात हलक्यात घेतात. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मधल्या अपात्रतेच्या अटी एकट्या उमेदवाराला बघत नाहीत, त्याच्या घरालाही बघतात.

अतिक्रमण. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं की कुटुंबातल्या माणसाने केलेल्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी गायरानात टाकलेला गोठा, चुलत्याने रस्त्यावर पुढे काढलेली पडवी आणि तुम्ही त्याच घरात राहता: कागद जुळवायला एवढं पुरतं. आणि हे अतिक्रमण किती फुटांचं आहे, हे गावात सगळ्यात अचूक कुणाला माहीत असतं? भावालाच. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या अशा अर्जांमागे कित्येकदा दुखावलेला भाऊबंदच असतो.

घरपट्टी, पाणीपट्टी. मागणीचं बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता येते, आणि एकत्र कुटुंबात एकाने थकवलं तर ती सगळ्यांना लागू होते. म्हणून नमुना ९ (ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही) चा उतारा काढून घरातल्या प्रत्येक नावावरची बाकी बघा. धाकट्याच्या नावावरची बाकी तुम्ही भरलीत तर त्याला सांगून भरा. न सांगता भरली की तो म्हणतो, माझा पैसा काढला, आता ऐकवतील.

अपत्यं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उभं राहता येत नाही. इथे काही घरांत जे केलं जातं ते फार क्रूर आहे: तिसरं लेकरू कागदावर भावाचं दाखवायचं. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, सगळीकडे ते पोर दुसऱ्याचं होतं. तक्रार झाली की त्याच पोराला आणि भावजयीला चौकशीत उभं राहावं लागतं. मूल दत्तक दिलं तरी जन्मदात्याच्या अपत्यांतून ते वजा होत नाही. अशा घराने उमेदवारीचा विचार सोडून द्यावा, दुसरा उपाय नाही.

जात वैधता. राखीव जागेवर निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यासाठी वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम खूप सोपं होतं. ते चुलतभावाच्या कपाटात असतं. प्रचारात त्याला चारचौघांत तोडून बोललात, तर नंतर त्याच्या दारात जाऊन कागद मागायची वेळ येते.

गावचं काम. ग्रामपंचायतीच्या ठेक्यात सदस्याचा स्वतःचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा चालत नाही. भाऊ ठेकेदार असेल आणि दोघांचा पैसा एकाच खात्यातून फिरत असेल तर आधी खाती वेगळी करा, किंवा भावाने पाच वर्षं आपल्या ग्रामपंचायतीचं काम घेऊ नये. त्याचा धंदा बुडणार असेल तर ते बैठकीत आधी बोललं गेलं पाहिजे. निवडून आल्यावर सांगितलं तर त्याला वाटतं, खुर्ची मिळाली आणि आमची गरज संपली.

पैसा कुठून घ्यायचा, कुठून नाही

मर्यादा ठरवायची एक साधी रीत आहे. तुमच्या स्वतःच्या वाट्याच्या वर्षाच्या उत्पन्नातून घरखर्च, मुलांची फी, पुढच्या हंगामाचं बी-खत आणि चालू कर्जाचा हप्ता वजा करा. जे उरेल त्याच्या निम्मं निवडणुकीला. उरतात ८०,००० तर खर्चायचे ४०,०००. एवढ्यात होत नसेल तर सरपंचपदाऐवजी प्रभागातून सदस्य म्हणून उभं राहा, किंवा ही वेळ सोडा.

खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडा आणि ठरलेली रक्कम एकदाच त्यात टाका. त्यातले संपले की संपले. शेवटच्या दोन रात्रींत उमेदवाराचा तोल जातो. "एवढं घातलंय, आता थोडक्यासाठी नको जायला" असं कुणीतरी कानाशी म्हणतं, आणि घरातले दागिने त्याच रात्री बाहेर पडतात. म्हणून खात्याचं कार्ड आणि चेकबुक उमेदवाराकडे नको. घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे द्या, बऱ्याचदा ती आई असते किंवा मोठी वहिनी.

सामाईक जमिनीला हात लावू नका. निवडणुकीचा खर्च ही कुटुंबाची गरज होती हे कोर्टात पटवणं फार अवघड जातं, आणि बाकीचे हिस्सेदार गहाणाला आव्हान देऊ शकतात. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढला की पुढच्या वर्षी धाकट्याला स्वतःच्या पीककर्जासाठी अडचण येते. तोपर्यंत तो गप्प असतो, बँकेतून परत आल्यावर मात्र वाटणी मागतो. त्यात घाईघाईने बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली असेल तर तिचं माहेर तिथेच तुटतं. भावाने आपल्याला दोन साड्या देऊन खुर्चीसाठी मोकळं केलं, हे ती विसरत नाही.

जमिनीची खरेदी करून द्या, पैसे फेडले की परत लिहून देतो, असं सांगणारा माणूस निवडणुकीच्या काळात हमखास भेटतो. तो सावकार आहे. खरेदीखत नोंदलं की कागदावर जमीन त्याची. हे आधीच घडून गेलं असेल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल आणि तो सावकारीतलाच होता हे सिद्ध झालं, तर जमीन परत मिळू शकते. पण वर्षं जातात, आणि त्या वर्षांत भाऊ एकमेकांशी वकिलामार्फत बोलतात.

बायकोचं सोनं तिने स्वतः दिलं तरी लिहून ठेवा: किती ग्रॅम, कुठला दागिना, कधी परत. भावजयीचं सोनं घ्यायचंच नाही.

"पुढच्या वेळी तू" हा शब्द देऊ नका

घरात दोघं इच्छुक असले की वडीलधारे तोडगा काढतात: या वेळी थोरला, पुढच्या वेळी धाकटा. ऐकायला न्याय्य वाटतं, पण हा शब्द पाळणं कुणाच्याच हातात नाही. आरक्षण फिरतं. पुढच्या सोडतीत पद महिलेसाठी किंवा वेगळ्या प्रवर्गासाठी निघालं की धाकट्याची पाच वर्षांची वाट बघणं फुकट जातं, आणि तो दोष सोडतीला देत नाही, भावाला देतो.

अडीच-अडीच वर्षांची वाटणी तर आणखी फसवी. सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा तेव्हा एकाने राजीनामा देऊन दुसऱ्याला बसवता यायचं. थेट जनतेतून निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ पासून पुन्हा सुरू आहे. थेट निवडलेल्या सरपंचाने राजीनामा दिला तर पुन्हा गावाचं मतदान. खुर्ची भावाच्या हातात देता येत नाही. उपसरपंचपदाचं तसं नाही, ते सदस्यांनी निवडायचं असतं, त्यामुळे तिथे बहुमत आपलं असेल तर वाटणी होऊ शकते.

मग धाकट्याला काय द्यायचं? आज देता येईल असं काहीतरी. विकास सोसायटीच्या निवडणुकीत त्याचं नाव, दूध संस्थेत त्याची जागा, किंवा सरळ शेतीतला निर्णय: पाच वर्षं पीक कोणतं लावायचं आणि माल कुठे घालायचा हे तो ठरवील. थोरल्याचा वेळ गावात जाणार आणि शेत धाकटाच बघणार असेल, तर त्याच्या कामाची मजुरी किंवा उत्पन्नातला वाढीव वाटा पहिल्या दिवशी ठरवा. भाऊ सरपंच झाला म्हणून रानात एकटा राबणारा भाऊ हे या भांडणांचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खरं कारण आहे.

पद महिलेसाठी राखीव निघालं तर

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत. सोडत निघाली की पुरुषांची घाई सुरू होते: कुठल्या सुनेचा अर्ज भरायचा? इथे जावा-जावांमध्ये तेढ पडते आणि ती पुरुषांच्या भांडणापेक्षा खोल जाते, कारण दोघींना एकाच चुलीवर काम करायचं असतं.

विचारा, ठरवून मोकळे होऊ नका. जिला खरोखर काम करायचंय तीच उभी राहू दे, मग ती धाकटी असली तरी चालेल. शिक्षणाची अट बघा: १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावं लागतं. नंतर नवऱ्याने मासिक सभेत बसायचं नाही, तिच्या नावाने सह्या करायच्या नाहीत. त्याला तसा अधिकारच नाही. धनादेशावर तिची सही असते, चौकशीची नोटीसही तिच्याच नावाने येते. नवऱ्याच्या हौसेचा गुन्हा बायकोच्या नावावर लागल्यावर ते लग्न कोणत्या अवस्थेत राहतं, हे सांगायला नको.

सरपंचबाईला महिन्यातून किती दिवस पंचायतीत, तहसीलला जावं लागेल याचा अंदाज घ्या आणि त्या दिवशी स्वयंपाक, धारा, मुलांचं कोण बघणार ते नावानिशी लिहा. "बघू सगळे मिळून" याचा अर्थ घराघरांत एकच असतो: दुसरी जाऊ.

भाऊच समोर उभा राहिला तर

होतं असं. पॅनलवाले मुद्दाम एका घरातले दोघे फोडतात, कारण भावकीची तीस-चाळीस मतं प्रभागाचा निकाल फिरवतात. दोघेही माघार घेत नसतील तर निदान पाच गोष्टी निवडणुकीबाहेर ठेवा आणि वडिलांसमोर तसं ठरवून घ्या. सामाईक विहिरीची पाळी आणि मोटर आहे तशीच चालेल. बांधाचा, वाटेचा विषय निकालानंतर तीन महिने कुणी काढणार नाही. आई-वडिलांचं औषधपाणी आणि त्यांचं जेवण जिथे चालतं तिथेच चालेल. भाषणात आणि मोबाइलवरच्या स्टेटसमध्ये एकमेकांच्या बायकापोरांचं नाव येणार नाही. आई-वडिलांना दोन्हीपैकी कुठल्याच प्रचारात फिरवायचं नाही, आणि त्यांनी मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही.

डमी अर्जाबद्दल: तो कोणाचा आणि कधी मागे घ्यायचा हे भरतानाच ठरवा. माघारीच्या दिवशी तीन वाजेपर्यंत फोन बंद ठेवून बसलेला भाऊ ही नेहमीची गोष्ट आहे. त्याला पॅनलवाल्यांमार्फत निरोप पाठवू नका. ज्याच्यासाठी अर्ज मागे घ्यायचा त्याने स्वतः जावं, सोबत आईला नेऊ नये.

बिनविरोधाच्या नावाखाली बोली लागली तर घराने त्यातून बाहेर राहावं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात मंदिरासाठी म्हणून २ कोटी ५ लाखांची बोली झाली, नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखांची, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूकच रद्द केली. बोलीत तर मानाशिवाय दुसरं काही विकत घेतलं जात नाही, आणि पैसा मात्र घराचा जातो.

बॅनर, गुलाल आणि हरल्यावरचा पहिला महिना

बॅनरवर घरच्यांचे फोटो छापूच नका. छापलेच तर सगळ्यांचे, वयाने, एकाच मापाचे. एका काकांचा फोटो राहिला म्हणून तेराव्यालाही न आलेली घरं आहेत.

जिंकलात तर गुलाल लागायच्या आधी घरी जा. आई-वडिलांच्या पाया पडा, मग ज्या भावाने विरोध केला त्याच्या दारात एकट्याने जाऊन चहा घ्या. मिरवणूक त्याच्या गल्लीतून न्यायची नाही. डीजे त्याच्या दारापुढे थांबवणं ही पोरांची हौस असते, पण तो आवाज त्याच्या मुलांच्या कानात वर्षानुवर्षं राहतो.

हरलात तर प्रभागाची आकडेवारी घेऊन मतं मोजत बसू नका. प्रभागात मतं थोडी असतात, आपल्या घरची बत्तीस धरली होती आणि चार कुठे गेली याचा हिशेब लावायचा मोह होतो. मतदान गुप्त आहे, तो हिशेब कधीच जुळत नाही, पण संशयाला नाव मात्र मिळतं. बहुतेकदा ते नाव धाकट्या भावजयीचं असतं, कारण तिचं माहेर समोरच्या गटातलं.

निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. जिंकलेल्याने आणि हरलेल्याने, दोघांनीही. न दिल्यास पुढची पाच वर्षं अपात्र ठरवलं जाऊ शकतं. त्याच आठवड्यात घरबैठकीची वही पुन्हा काढा आणि घरचा हिशेबही त्याच माणसांसमोर वाचा. ठरलं होतं ४०,०००, झाले ६२,००० तर तसं सांगा, आणि वरचे २२,००० कुठल्या पिकातून, कोणत्या महिन्यात फेडणार ते तारखेसह लिहा. कुणी काही बोललं नाही तरी वही मिटू नका. ज्याने सुरुवातीला नाही म्हटलं होतं, त्याला आधी विचारा.